मदत हवी आहे: १९५२ चा 'डॅलस टेक्सन्स' – वारसा कोणाच्या नावावर लिहायचा?

नमस्कार मंडळी,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी डॅलस टेक्सन्स या जुन्या अमेरिकन फुटबॉल संघावर लेख लिहितोय. आमच्या उत्तर टेक्सासात फुटबॉल म्हटलं की डॅलसचा काउबॉइज संघ. पण त्यांच्या आठ वर्षं आधी एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग) एक संघ डॅलसमध्ये आला आणि एक मोसमसुद्धा इथे पुरा करू शकला नाही, हे इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही माहीत नसतं.

आधीच सांगून ठेवतो, लॅमर हंट यांचा टेक्सन्स वेगळा. तो १९६० साली एएफएल या प्रतिस्पर्धी लीगमध्ये सुरू झाला आणि १९६३ मध्ये कॅन्सस सिटीला जाऊन चीफ्स झाला. शोधायला गेलं की दोघांची माहिती हमखास एकत्र येते.

आतापर्यंत जमवलेलं थोडक्यात देतो. टेड कॉलिन्स यांचा न्यूयॉर्क यांक्स हा संघ तोट्यात होता. १९५२ च्या सुरुवातीला त्यांनी तो लीगला परत विकला आणि जाइल्स मिलर या कापडगिरण्यांच्या घराण्यातल्या तरुणाने तो डॅलससाठी घेतला. हिशोब तसा सरळ होता. टेक्सासात शाळेच्या सामन्यांनाही अख्खं गाव लोटतं, कॉलेजच्या सामन्यांना कॉटन बोल स्टेडियम भरतं, मग व्यावसायिक संघ का नाही चालणार?

२८ सप्टेंबरला पहिला सामना झाला, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध. पंचाहत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये साडेसतरा हजार माणसं. निकाल ६-२४. टेक्सन्सला एकच टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण) मिळाला, तोही जायंट्सच्या टॉम लँड्रींच्या हातून चेंडू सुटल्यामुळे. हेच लँड्री पुढे २९ मोसम काउबॉइजचे प्रशिक्षक होते!

मला जास्त लिहायचंय ते पुढच्या भागाबद्दल. संघात बडी यंग आणि जॉर्ज टालियाफेरो हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, आणि दोघेही संघातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी. १९४९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, शिकागो बेअर्सनी टालियाफेरोला निवडलं तेव्हा एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला होता. त्यांचा खेळ बघायला येणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना मात्र स्टेडियममध्ये वेगळं बसावं लागे. जी मंडळी या संघाच्या पाठीशी उभी राहिली असती, त्यांचाच असा अपमान. संघ हरत होता हे खरं, पण गर्दी न होण्याचं सगळं खापर खेळावर फोडणं मला पटत नाही. बहुतेक लेखांत मात्र तेवढंच असतं.

पैसे संपले. मिलरनी शहरातल्या धनिकांकडे कर्ज मागितलं, कोणी दिलं नाही. नोव्हेंबरच्या मध्याला, सातही सामने हरल्यावर, संघ लीगच्या हवाली झाला. लीगने मुक्काम पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी हलवला. उरलेले पाचही सामने डॅलसबाहेर.

त्यातला एक थँक्सगिव्हिंगला, २७ नोव्हेंबरला, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये झाला. समोर शिकागो बेअर्स, प्रेक्षक जेमतेम तीन हजार. प्रशिक्षक जिमी फेलन खेळाडूंना म्हणाले की मैदानात एकेकाचं नाव पुकारण्यापेक्षा तुम्हीच वर जाऊन प्रत्येक प्रेक्षकाशी हात मिळवून या. बेअर्सचे जॉर्ज हॅलस इतके निर्धास्त होते की त्यांनी दुसऱ्या फळीचे खेळाडू उतरवले. टेक्सन्स २७-२३ ने जिंकले. मोसमातला एकमेव विजय, बाकी अकरा पराभव.

मोसम संपल्यावर संघ बंद झाला. एनएफएलमध्ये त्यानंतर एकही संघ असा बुडालेला नाही. खेळाडूंचे करार कॅरल रोझेनब्लूम यांच्या नव्या बाल्टिमोर कोल्ट्सकडे गेले. जिनो मार्चेटी आणि आर्ट डोनोव्हन त्यातलेच. १९५८ ची न्यूयॉर्कमधली प्रसिद्ध अंतिम लढत कोल्ट्सनी २३-१७ ने जिंकली तेव्हा दोघेही संघात होते.

आता अडचणी. एनएफएलच्या दप्तरी कोल्ट्स हा १९५३ चा नवा संघ आहे, टेक्सन्सशी नातं नाही. खेळाडू तेच, निळा-पांढरा रंगही तोच. मग लेखात "कोल्ट्सचा पूर्वज" लिहावं की नाही? दुसरं, कृष्णवर्णीय प्रेक्षकांबद्दल त्या काळची वर्तमानपत्रं कुठे बघू? आणि अंक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडेही जातो, तर खेळाचे नियम किती समजावू?

प्रतिसाद १

छान विषय. वारशाच्या प्रश्नाला आपल्याकडचंच उदाहरण आहे. डेक्कन चार्जर्सनी २००९ ची आयपीएल जिंकली, २०१२ मध्ये त्यांचा करार रद्द झाला, मग त्याच हैदराबादेत सनरायझर्स आले. बरेचसे खेळाडूही तेच. तरी २००९ चा चषक कोणी सनरायझर्सच्या खात्यात धरत नाही. तुम्ही हेच उदाहरण द्या, वाचकाला एका ओळीत कळेल. "पूर्वज" नका लिहू. "कोल्ट्सची पहिली फळी टेक्सन्समधून आली" इतकं लिहा, ते निर्विवाद आहे.

नियमांच्या भानगडीत पडू नका. टचडाउन म्हणजे सहा गुण, एवढं पुरे. अ‍ॅक्रनचा प्रसंग नियमांशिवायही समजतो.

प्रतिसाद २

नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या 'पोर्टल टू टेक्सास हिस्ट्री'वर राज्यातली जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, तिथून सुरुवात करा. 'डॅलस मॉर्निंग न्यूज'चे जुने अंक डॅलस पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर मिळतील. पण तेवढ्यावर थांबू नका. वेगळं कुठे बसवलं जायचं, हे ज्यांना बसवलं त्यांच्या वर्तमानपत्रांत जास्त सापडेल. 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन' बघा. यंग आणि टालियाफेरो दोघेही पुढे कोल्ट्सकडून खेळले, त्यामुळे १९५३ चे अंकही चाळा. यंगचा २२ नंबर कोल्ट्सनी निवृत्त केला, म्हणजे पुढे कोणाला दिला नाही, हे लेखात नक्की घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डेक्कन चार्जर्सचं उदाहरण घेतोच. "पहिली फळी" हेच लिहितो आणि लेखाची सुरुवात पहिल्या सामन्याऐवजी यंग-टालियाफेरोपासून करतो. लायब्ररीत शनिवारी जाणार आहे. डॅलसच्या आसपासचं कोणी जुनी वर्तमानपत्रं चाळायला सोबत येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, दोघं असलो तर सप्टेंबर ते नोव्हेंबरचे अंक वाटून घेता येतील.