नांदरूक की बेंजामिना? शाळेच्या मैदानात लावायचंय

खानापूर_जांभा
शाळेच्या मैदानाकडेला सावलीसाठी नांदरूक (फायकस मायक्रोकार्पा) लावायचं ठरलंय. बेळगावात एका रोपवाटिकेत नांदरूक म्हणून जे रोप दाखवलं, त्याच्या फांद्या खाली लोंबत होत्या आणि पानाला लांब टोक होतं. हेच का ते? नसेल तर जुन्या झाडाची फांदी लावून जमेल का? जमीन जांभ्याची, दीड फुटावर कातळ. मार्चनंतर पाण्याची ओढ असते. जागा शाळेच्या भिंतीपासून २० फुटांवर आहे.

गणेबैल
वर्णनावरून ते फायकस बेंजामिना वाटतंय. दोन्ही सदाहरित, दोन्ही चिकाची, दोन्हींची पानं गुळगुळीत, म्हणून विकताना सर्रास मिसळतात. नुसत्या टोकावर जाऊ नका, पान उजेडात धरून शिरा बघा. बेंजामिनाच्या आडव्या शिरा बारीक, दाट आणि इतक्या सारख्या असतात की मुख्य कुठली, मधली कुठली, कळत नाही. नांदरुकाच्या आडव्या शिरा मोजता येतात, आणि देठापासूनच दोन ठळक शिरा निघून कडेच्या बाजूनं वर चढतात. पान ४ ते ८ सेंमी, चिवट, टोक आखूड.

फळं लागली असतील तर आणखी सोपं. नांदरुकाचं फळ सेंटिमीटरपेक्षा लहान, बिनदेठाचं, पानाच्या बगलेत. बुडाशी तीन खवले असतात आणि ते पिकेपर्यंत टिकतात. फळ म्हणतो खरं, पण तो फुलांचा बंद घट आहे, वनस्पतिशास्त्रातला कुंभासनी पुष्पविन्यास. कापून भिंगाखाली धरा: नर फुलं, मादी फुलं आणि गाठीची फुलं (ज्यांत माशीची पिल्लं वाढतात ती) एकाच घटात दिसतात. वरच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या बारीक भोकातून, युप्रिस्टिना व्हर्टिसिलाटा नावाची इवलीशी गांधीलमाशी परागकण घेऊन आत शिरते. ती आली नाही तर बी धरत नाही. मुलांना दाखवाच, पुस्तकातल्या चित्रापेक्षा लक्षात राहतं.

चिकोडी_रोपं
छाटकलम नक्की जमतं. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की अंगठ्याएवढी जाड, पक्व फांदी घ्या, कोवळा शेंडा नको. लांबी ३० सेंमी. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. चीक वाहू द्या आणि १५-२० मिनिटं पाण्यात ठेवून धुवा. चीक तोंडावर वाळला की पाणी ओढलं जात नाही. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकी काढा. वरच्या कापाला शेणाचा लेप द्या. पिशवीत दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. निदान दोन पेरं मातीत जाऊ देत. सावलीत ठेवा. पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं समजून हलवू नका: फांदीतल्या साठ्यावरच पहिली पालवी येते. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसली की मगच उन्हात काढा.

जमिनीत पुढच्या जूनमध्ये. खड्डा ३ बाय ३ फुटांचा, आणि तळाचा कातळ पहारीनं फोडून भेगा पाडा. नुसतं खणून माती भरली तर पावसाळ्यात पाणी साचून मुळं कुजतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दोनदा भरपूर पाणी आणि बुडात पालापाचोळा हवाच.

एक गोष्ट मात्र: कलमाला सोटमूळ नसतं. वाऱ्याच्या जागी पहिली तीन वर्षं काठीचा आधार ठेवा. जमलं तर बियांचं रोप बघा. कुंडीत जाड फुगीर मुळांचं बोन्साय विकतात ना, ते बियांपासूनचंच नांदरूक असतं. तशी मुळं कलमाला येत नाहीत.

मलप्रभाकाठ
वीस फुटांवर लावू नका. याची मुळं वरच्या थरात आडवी लांब पसरतात, आणि तुमच्याकडं खाली कातळ, म्हणजे जास्तच. पाया, फरशी, पाण्याची टाकी, सगळ्यांत शिरतील. भिंतीपासून निदान ४० फूट सोडा. तेवढी जागा नसेल तर बकुळ लावा; तीही सदाहरित, सावली दाट. वाढायला मात्र वेळ घेते.

खानापूर_जांभा
दुसऱ्या टोकाला ६० फूट मोकळे आहेत, तिथं लावतो. ज्या जुन्या झाडाची फांदी घेणार, त्याची शेंड्याची पानं दुमडलेली आहेत, वर जांभळट ठिपके. चालेल का?

गणेबैल
फुलकिडे आहेत. दुमडलेलं पान उघडा, आत काळे किडे आणि पिवळट पिल्लं सापडतील. फवारा घडीत पोचत नाही, म्हणून आधी असे शेंडे कापून जाळा, मग लिटरमागे ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी मारा. कलमाला खालची, स्वच्छ पानांची फांदी घ्या. अंडी पानाच्या घडीत असतात, त्यामुळं निष्पर्ण केलेल्या जाड फांदीबरोबर कीड यायची शक्यता कमी. ठेवलेली दोन पानं तेवढी उलटसुलट तपासून घ्या.