‘एमएसआय-हाय’ आणि ओळख पटवणारे मायक्रोसॅटेलाइट: एकाच खुणा का?

सदाफुली

माझ्या मावशीच्या मोठ्या आतड्यातील गाठीच्या तपासणी अहवालात ‘एमएसआय-हाय’ (मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी-हाय, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटची जास्त अस्थिरता) असा शेरा आला आहे. उपचार डॉक्टर ठरवत आहेत, तेव्हा त्याबद्दल येथे सल्ला मागत नाही. मला अडलेला प्रश्न वेगळा आहे. डीएनएमधील एक ते सहा अक्षरांच्या तुकड्याची ओळीने होणारी पुनरावृत्ती म्हणजे मायक्रोसॅटेलाइट, आणि पुनरावृत्तींची संख्या माणसागणिक वेगळी असल्यामुळे गुन्ह्यांच्या तपासात व पितृत्व चाचणीत त्यांचा उपयोग होतो, एवढे पदवीच्या अभ्यासातून लक्षात आहे. ज्या खुणांच्या भरवशावर न्यायालयात ओळख पटवली जाते, त्याच खुणा कर्करोगात ‘अस्थिर’ कशा ठरतात? शिवाय आम्हा भाचरांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी का, अशीही चर्चा घरात सुरू आहे.

जुना प्रयोगशाळाकर

या खुणा पूर्णपणे स्थिर कधीच नसतात. त्या बदलतात म्हणूनच माणसामाणसांत फरक पडला आहे. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनए पॉलिमरेज (डीएनएची नक्कल करणारे विकर) अशा पट्ट्याची नक्कल करत असताना नवा धागा क्षणभर सुटतो आणि एक पाऊल पुढे किंवा मागे जाऊन चिकटतो. वहीत एकच अक्षर तीस वेळा लिहिताना मोजणी चुकावी, तसा हा प्रकार आहे. अशा ठिकाणी धाग्यावर जो लहानसा फुगवटा राहतो, तो एमएसएच२ आणि एमएसएच६ या प्रथिनांची जोडी हेरते, आणि एमएलएच१ व पीएमएस२ ही जोडी दुरुस्तीचे पुढचे काम करते. ही यंत्रणा शाबूत असल्यामुळे ओळख पटवण्याच्या जागांवर एका पिढीत साधारण हजारात एक इतकाच बदल होतो. म्हणून पितृत्व चाचणीत एखाद्याच जागी, तेही एका पुनरावृत्तीचा, फरक आढळला तर तेवढ्यावरून नाते नाकारले जात नाही.

न्यायवैद्यक कामासाठी प्रामुख्याने चार अक्षरी पुनरावृत्ती निवडल्या जातात, उदाहरणार्थ टीएच०१ ही जागा. याचे कारण तुकड्यांची लांबी शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या आलेखावर दिसते. पीसीआरच्या (प्रयोगशाळेत डीएनएच्या अनेक प्रती काढण्याच्या पद्धतीच्या) नळीतही पॉलिमरेज घसरतेच, त्यामुळे प्रत्येक मुख्य शिखराच्या अलीकडे एका पुनरावृत्तीने आखूड असे ठेंगणे शिखर उमटते, ज्याला आम्ही ‘स्टटर’ म्हणतो. चार अक्षरी जागांवर ते इतके बुटके असते की मुख्य शिखराशी सहसा गल्लत होत नाही. दोन अक्षरी जागांवर मात्र शिखरांची रांगच लागते, आणि घटनास्थळावरील दोन-तीन व्यक्तींचे मिश्रण वाचायचे असेल तर डोके धरून बसावे लागते. अमेरिकेच्या कोडिस या गुन्हे तपासासाठीच्या डीएनए माहितीसाठ्याच्या संचात पूर्वी अशा १३ जागा होत्या, २०१७ पासून २० आहेत.

सूक्ष्मदर्शी (पॅथॉलॉजी)

वर सांगितलेल्या चार प्रथिनांपैकी एखादे नाहीसे झाले की नकलेतील चुका तशाच राहतात, आणि गाठीच्या पेशी जसजशा वाढतात तसतशा त्या साचत जातात. मात्र यासाठी आम्ही तपासतो त्या जागा बहुधा निराळ्या असतात. बॅट-२५ आणि बॅट-२६ या नेहमीच्या दोन जागा एकाच अक्षराच्या सलग पट्ट्या आहेत. त्यांपैकी बॅट-२६ तर एमएसएच२ जनुकाच्याच एका इंट्रॉनमध्ये (प्रथिन बनवण्यात न वापरल्या जाणाऱ्या भागात) आहे. त्यांची लांबी बहुतेक सर्व माणसांत जवळपास सारखी असते, म्हणजे ओळख पटवायला त्या निरुपयोगी, आणि नेमक्या त्याच कारणाने येथे उत्तम. निरोगी ऊतीच्या आलेखावर शिखरांचा एकच घट्ट पुंजका दिसतो. गाठीच्या आलेखावर त्याच्या डावीकडे, काही अक्षरांनी आखूड असा दुसरा पुंजका उभा राहतो. पाच जागांच्या संचात दोन किंवा अधिक जागी असे सरकणे दिसले की ‘एमएसआय-हाय’ लिहिले जाते.

अशीच घसरण जनुकांच्या कामाच्या भागातही होते. टीजीएफबीआर२ या जनुकात ‘ए’ हे अक्षर सलग दहा वेळा येते, त्यातले एखादे गळाले की पेशीच्या वाढीला लगाम घालणारे प्रथिन बिघडते. अशा असंख्य बिघाडांतून परकी भासणारी प्रथिने तयार होतात आणि रोगप्रतिकारशक्तीला ती ओळखू येतात. म्हणून या गाठींवर इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणारे उपचार) पुष्कळदा चांगली लागू पडते. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला गाठ कोणत्या अवयवात आहे याऐवजी या खुणेवर मान्यता दिली, आणि तशी ती पहिलीच होती.

आता घरच्या प्रश्नाकडे वळतो. ‘एमएसआय-हाय’ म्हणजे आनुवंशिक, असा अर्थ कृपया काढू नका. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही अस्थिरता आढळते, पण लिंच सिंड्रोमचे (दुरुस्ती प्रथिनांच्या जनुकातील आनुवंशिक दोषाचे) प्रमाण सुमारे ३ टक्केच आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एमएलएच१ जनुक मिथिलेशनमुळे (डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणेमुळे) फक्त गाठीपुरते बंद पडलेले असते. गाठीतील बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल सापडला, तर आनुवंशिकतेची शक्यता फारच कमी होते. तो नसेल, मिथिलेशनही नसेल, किंवा इतर तिघांपैकी एखादे प्रथिन गायब असेल, तर मावशीच्या रक्ताची जनुकीय तपासणी करावी लागते. तिच्यात दोष निश्चित झाला, तर पुढची तपासणी तिच्या मुलांची आणि भावंडांची, म्हणजे तुमच्या आईचीही. आईमध्ये तो दोष नसेल, तर तो तिच्याकडून तुमच्याकडे येण्याचा प्रश्नच उरत नाही. थेट भाचरांपासून सुरुवात करण्यात पैसे जातात आणि काळजी विनाकारण वाढते.

कणाद

एक पुस्ती जोडतो, कारण या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारातही पुनरावृत्तीच वाढलेली असते: १९९३ मध्ये सापडलेल्या त्या जनुकात सीएजी हा तुकडा ४० किंवा अधिक वेळा आला की आजार जवळपास अटळ असतो. परंतु ती वाढ एका विशिष्ट जनुकात आणि जन्मापासून असते. गाठीतली अस्थिरता नंतर येते आणि सबंध जीनोमभर (पेशीच्या सर्व डीएनएभर) पसरलेली असते.

सदाफुली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एमएलएच१ व बीआरएएफ तपासले आहे का, हे डॉक्टरांना विचारते. एक उपप्रश्न राहतो: अशा गाठीचा नमुना ओळख पटवण्यासाठी वापरला, तर निकाल चुकेल का?

जुना प्रयोगशाळाकर

चुकू शकतो, आणि हा प्रश्न आमच्यापुढे प्रत्यक्षात येतो. दोन रुग्णांचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेले ऊतीचे नमुने) बदलले असल्याची शंका आली की त्याच चार अक्षरी जागा तपासून ब्लॉक कोणाचा हे ठरवतात. गाठीत एखाद्या जागी जादा शिखर उगवते, तर कुठे आई-वडिलांकडून आलेल्या दोहोंपैकी एक शिखर गुणसूत्राचा तुकडा गळाल्याने नाहीसे होते, आणि नमुना दुसऱ्याच माणसाचा वाटू लागतो. यासाठी ब्लॉकमधील गाठीशेजारचा निरोगी आतड्याचा भाग वेगळा खरवडून घेतात आणि त्याची तुलना रुग्णाच्या रक्ताशी करतात.