‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या सामानाचं भाडं कोण भरतं?

रिकामी_खोली (धागालेखक)
वस्तू घेताना आपण किंमत बघतो. नंतर ती किती जागा अडवते, तिच्यावरची धूळ पुसण्यात किती वेळ जातो, हे कुठल्याच पावतीवर नसतं. माझं म्हणणं असं की गरजेपेक्षा जास्त सामान ही बचत नाही, चालू खर्च आहे.

मोठा तोटा दुबार खरेदीचा. घरात स्क्रूड्रायव्हर आहे हे पक्कं ठाऊक असतं, कुठल्या खोक्यात ते ठाऊक नसतं. मग दुसरा येतो. तो आला की पहिला सापडतो, आणि चांगला आहे म्हणून तोही राहतो.

शिवाय ‘ठेवलेली वस्तू आहे तशी राहते’ हा निव्वळ भ्रम. पॉलियुरेथेनच्या तळव्यांचे बूट न वापरताही हवेतल्या दमटपणाने खराब होत जातात. वर्षानुवर्षं जपलेला कोरा जोड बाहेर काढून घालावा, तर चार पावलांत तळव्याचा भुगा होतो. जुन्या टॉर्चमधल्या अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, स्प्रिंगवर पांढरी पूड धरते आणि टॉर्च कामातून जातो. जुन्या मोबाइलची बॅटरी फुगते ते वेगळंच. म्हणजे आपण वस्तू जपत नसतो, तिला सावकाश मरू देत असतो. तेवढ्या काळात ती कुणीतरी वापरली असती.

पेटारा
साफ असहमत. ‘लागलं तर परत घेऊ’ हे ज्याच्या खिशात पैसे खुळखुळतात त्यानेच म्हणावं. ज्याला पुन्हा घेणं परवडत नाही, त्याच्यासाठी दोन जास्तीच्या चादरी आणि खिळ्यांचा डबा म्हणजे अडगळ नव्हे, आधार.

दुरुस्तीचं काय? मिक्सरचं मॉडेल बंद झालं की त्याचा कपलर दुसऱ्या बंद मिक्सरमधूनच मिळतो. मी असे मिक्सर ठेवतो, आणि ते लागतातही. तुम्ही टाकलेली वस्तू हवेत विरत नाही, तुमच्या नजरेआड होते इतकंच.

आकडेमोड
या विषयावर एक चांगलं काम झालेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २००१ ते २००५ दरम्यान तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांतलं सामान आणि रोजचा दिनक्रम टिपला. चारांतल्या तीन गॅरेजमध्ये गाडी लावायला जागाच उरली नव्हती!

त्याच प्रकल्पातून २०१० मध्ये सॅक्सबी आणि रेपेटी यांचा शोधनिबंध आला. नवरा-बायकोंनी आपलं घर फिरून दाखवत त्याचं वर्णन करायचं होतं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट कामं असे शब्द जास्त आले, त्यांच्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं.

पेटारा
@आकडेमोड, निष्कर्ष उलटाही लागतो की. जिच्यावर आधीच ताण आहे तिला आवरायला सवड नाही, म्हणून पसारा. आणि मुळात प्रश्न सामानाचा की आवरण्याचं काम एकटीच्या गळ्यात पडण्याचा? दहा वस्तूंच्या घरातही तीच आवरत असेल तर ताण तसाच राहणार.

आकडेमोड
कार्यकारण सिद्ध झालं असं मी म्हटलेलंच नाही. पण काम एकटीच्या गळ्यात असेल तर शंभर वस्तूंपेक्षा दहा केव्हाही बऱ्या, एवढं तरी मान्य करा.

शेरेबाज
आमच्या घरात अडगळ म्हणजे कायम दुसऱ्याच्या वस्तू. स्वतःच्या असतात त्या ‘कामाच्या’.

किल्लीवाली
शेरेबाज, विनोद म्हणून सोडून देऊ नका, आपली झाली की वस्तू जास्त मोलाची वाटते, यालाच एन्डाउमेंट इफेक्ट म्हणतात. १९९० मध्ये काहनमन, नेच आणि थेलर यांनी काही जणांना कॉफीचे साधे मग देऊन ते विकायला सांगितले. ज्यांना मग मिळाला होता ते, न मिळालेले देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. हातात पडून थोडाच वेळ झालेल्या मगची ही गत, तर माळ्यावरच्या खोक्यांचं काय बोलावं? म्हणून ‘टाकू का?’ असं मनाला विचारूच नये. ‘ही आज माझ्याकडे नसती तर मी विकत आणली असती का?’ असं विचारावं.

पेटारादादा, तुमचे मिक्सर लागतात म्हणता, तर राहू द्या. पण आई-वडिलांचं घर रिकामं करताना मला एक अख्खा ड्रॉवर किल्ल्यांचा सापडला. कुठल्या कुलपांच्या, ते सांगणारं आता कुणी नाही. तरी टाकायची हिंमत भावाची नाही, माझीही नाही. ठेवणाऱ्याने न घेतलेला निर्णय मागच्यांच्या डोक्यावर बसतो, आणि तोही नेमका दुःखाच्या दिवसांत. आवराआवर ज्याची त्याने हातीपायी धड असताना करावी.

पेटारा
किल्ल्यांचं पटलं. मिक्सर मात्र जाणार नाहीत. आणि रिकामी_खोली, दुसऱ्याच्या वस्तू न विचारता काढणाऱ्यांबद्दलही दोन शब्द लिहा. घरात त्यावरून होणारी भांडणं पसाऱ्यापेक्षा महाग पडतात.

रिकामी_खोली
न विचारता काढणं चूकच, त्यावर वाद नाही. पण सामायिक जागेत ठेवताना तरी कुठे विचारलेलं असतं? पॅसेजमध्ये रचलेली खोकी आग लागली की सगळ्यांचीच वाट अडवतात.

शेरेबाज
वाद चालू द्या. धागा वाचून खण उघडला, तर जुना फोन खरंच फुगलाय, मागचं झाकण उचललं गेलंय. केराच्या डब्यात टाकू का?

आकडेमोड
अजिबात नको! चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. कागद-कपड्यांपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून विचारा, फुगलेली बॅटरी सगळेच घेत नाहीत.