खाडीच्या पाण्याच्या लाइनला कुठला चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा)?

खाडीकाठ: रत्नागिरीजवळचा प्लांट, कूलिंगला खाडीचं पाणी. दोन पंप समांतर, प्रत्येकी ताशी 500 घनमीटर, डिलिव्हरी 12 इंची. एक ट्रिप झाला (अचानक बंद पडला) की त्याचा स्विंग चेक (बिजागरीवर झुलणाऱ्या झडपेचा) धाडकन आपटतो, लाइन सपोर्टसकट हादरते. 316 स्टेनलेसचा ड्युअल प्लेट (मधल्या पिनेवर दोन अर्ध्या प्लेटी मिटणारा) चालेल?

पाइपवाला: आपटणारच. दुसरा पंप चालू असल्यामुळे पाणी झटक्यात उलटं फिरतं, तोवर स्विंगची झडप अर्धीच मिटलेली असते. स्प्रिंगवाला ड्युअल प्लेट बरा. नॉझल टाइप (स्प्रिंगवाली चकती सरळ मागेपुढे सरकते तो) त्याहून चांगला, पण खिसा बघा. आडव्या लाइनीत प्लेटची पिन उभी ठेवा. पंपापासून निदान पाइपच्या पाच व्यासांइतका सरळ पाइप सोडा. एल्बोला (पाइपच्या वळणाला) चिकटवलात तर प्लेटी फडफडून पिन झिजते.

गंजशत्रू: 316 नकोच! गॅस्केटखाली आणि पिनेच्या भोकात खड्डे पडतात. सुपर डुप्लेक्स (जास्त गंजरोधक स्टेनलेस) किंवा निकेल अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ घ्या. स्प्रिंगचा धातू ऑर्डरमध्ये वेगळा लिहा, नाहीतर साधी स्टेनलेस येते.

खाडीकाठ: 14 इंची घेतला तर प्रेशर ड्रॉप कमी होईल ना?

पाइपवाला: होईल, पण प्लेटी पूर्ण उघडणार नाहीत. 12 इंचीत वेग सेकंदाला साधारण 1.9 मीटर येतो. पूर्ण उघडायला किती लागतो, ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. आणि सक्शनची गाळणी बघा, सीटवर (झडप टेकते तिथे) शिंपला अडकला की कुठलाच व्हॉल्व्ह मिटत नाही.