जपानी ताटाचं इतकं कौतुक कशाला?

चकोर:
सध्या जो तो 'जपान्यांसारखं जेवा, कॅन्सर जवळ फिरकणार नाही' सांगत सुटलाय. जपानी लोक खूप जगतात, मान्य. पण १९८१ पासून तिथे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण कॅन्सरच आहे. जठराच्या कॅन्सरनं पिढ्यान् पिढ्या माणसं नेली, त्यात खारवलेले मासे नि लोणच्यांचा हात होता. मग अनुकरण नक्की कशाचं करायचं?

मीठभाकर:
अर्धंच सांगताय. म्हातारी माणसं जास्त, तिथे कॅन्सरचे मृत्यू जास्त दिसणारच. वय जमेस धरलं तर तिथला कॅन्सरचा मृत्युदर गेली कित्येक वर्षं उतरतोय. आणि अमेरिकेतल्या हवाई बेटांवर जाऊन राहिलेल्या जपान्यांचं काय? त्यांच्या पुढच्या पिढीत जठराचा कॅन्सर घटला, मोठ्या आतड्याचा वाढला. रक्त तेच, ताट बदललं!

चकोर:
अहो, मग हे माझ्याच बाजूचं झालं. जुनं ताट सोडलं तेव्हाच जठराचा कॅन्सर घटला ना?

सेंदाईकर:
इथं जपानातच राहतो म्हणून लिहितो. उत्तरेकडं अकिताला हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. म्हणून मुळे धुरावर वाळवून मुरवायचे, त्याला इबुरिगाक्को म्हणतात. अजून मिळतो, चवीला झकास. घरोघरी फ्रिज आले नि खारवणं कमी झालं. तरी रोजचं मीठ आजही सरासरी १० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना ५ च्या आत म्हणते.
दारूचं वेगळंच. ऑफिसच्या पार्टीत अर्ध्या ग्लास बिअरवर काहींचे चेहरे, कान, मान लालबुंद. साधारण ४० टक्के जपान्यांत ॲसिटाल्डिहाइड (दारूपासून शरीरात बनणारं विषारी द्रव्य) फोडणारं एन्झाइम कमजोर असतं. असा माणूस पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. पण साहेबानं ग्लास भरला की नको म्हणणं अवघड.

जुनाजाणता:
हेलिकोबॅक्टर विसरलात की सगळे! मीठ जठराचं अस्तर बिघडवतं, पण मुख्य आरोपी हा जंतू. युद्धानंतर पाणी नि स्वच्छता सुधारली, तशी तरुण पिढीत त्याची लागण घटली. २०१३ पासून नुसता जठरदाह (जठराच्या अस्तराला सूज) असला तरी या जंतूवरचा उपचार विम्यात बसतो. याचं श्रेय सवयींना कसं देणार?

मीठभाकर:
बरं, जंतूचं श्रेय जंतूला. तंबाखूचं काय? १९६६ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त जपानी पुरुष सिगारेट ओढायचे. साथरोगतज्ज्ञ ताकेशी हिरायामांनी १९८१ मध्ये दाखवलं की नवरा ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तंबाखू कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. ही सवय नाही तर काय?

चकोर:
आणि हॉटेलांत बंदी आली कधी, तर २०२० ला! तीही छोट्या जुन्या दुकानांना सूट देऊन. जपान टोबॅको या सिगारेट कंपनीचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर सरकारच्याच हातात. त्या बायकांनी कुठली सवय बदलायची होती?

मीठभाकर:
त्यांनी नाही, नवऱ्यांनी. आणि बदलली की! बंदीच्या आधीच ओढणारे पुरुष ३० टक्क्यांच्या खाली आले होते.