अनुभव धागा: नेटवर्किंगचा ग्रुप प्रोजेक्ट तुमच्याकडे कसा पार पडला?

महापे नाईट शिफ्ट

माझी मावसबहीण ठाण्यात इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. परवा तिचा फोन आला. "दादा, सीएनचा, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कचा मिनी प्रोजेक्ट आलाय, चौघांचा ग्रुप आहे, विषय कॅम्पस नेटवर्क डिझाइन. तू कसा केला होतास?" विषय ऐकूनच हसू आलं. निम्म्या वर्गाचा हाच असतो आणि उरलेल्यांचा हॉस्पिटल नेटवर्क, म्हणजे तेच, फक्त लॅबच्या जागी ओपीडी लिहायचं.

तर ठाणे, नवी मुंबईत शिकलेल्यांनी लिहा. इंजिनीअरिंग, डिप्लोमा, बीएस्सी आयटी, काहीही चालेल. कॉलेजचं नाव नको. काम कसं वाटलं, घोडं कुठे अडलं, ओरलला काय विचारलं, एवढं सांगा. 'टीमवर्कचं महत्त्व कळलं' हे नको, ते सगळ्यांनी रिपोर्टच्या कन्क्लूजनमध्ये लिहिलेलंच आहे.

सुरुवात मीच करतो. आम्ही चौघांनी चार इमारती वाटून घेतल्या आणि आपापल्या घरी पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवल्या. प्रत्येकाचं पिंग (पलीकडचं मशीन उत्तर देतं का ही तपासणी) चालत होतं, सगळे खूश. लॅबमध्ये चारही भाग एका फाईलमध्ये आणून जोडायला गेलो तर राऊटर पत्ता घेईचना, 'ओव्हरलॅप्स' म्हणून ओरडायला लागला. कारण चौघांनीही १९२.१६८.१.० हाच पत्ता वापरलेला. लॅब मॅन्युअलात तोच छापलेला होता ना!

आमच्यातली कळव्याची एक मुलगी फारशी बोलायची नाही. तिने परीक्षेच्या पॅडला लावलेला एक कागद उलटा केला आणि लिहायला घेतलं. सगळ्यात मोठी लॅब, ५५ मशीन, तिला /२६ (पत्त्यांच्या गटाचा आकार, आकडा मोठा तितका गट लहान) म्हणजे वापरायला ६२ पत्ते, ० ते ६३, पहिला आणि शेवटचा राखीव. मग ऑफिस, २५ जण, /२७, ६४ ते ९५. स्टाफरूमला १२ लागतात, /२८, ९६ ते १११. दोन राऊटरमधल्या लिंकला /३०, दोनच पत्ते, ११२ पासून. मोठ्याला आधी, लहानाला नंतर. आम्ही तिघं बघत उभे. त्या कागदाचा फोटो पुढे सेमभर सगळ्यांच्या फोनमध्ये होता. बहिणीला एवढंच सांगितलंय, असा कागद होईपर्यंत कुणी लॅपटॉप उघडायचा नाही.

कोपरखैरणे डिप्लोमावाला

आमच्या सरांना सिम्युलेशन चालणार नव्हतं, दोन लॅब प्रत्यक्ष केबलने जोडून हव्या होत्या. केबल, आरजे-४५चे कनेक्टर, क्रिम्पिंग टूल, सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलं. मिळतं हो इकडेही, पण लॅमिंग्टन रोडला जाऊन घासाघीस केल्याशिवाय प्रोजेक्ट केल्यासारखं वाटत नाही.

क्रिम्पिंग, म्हणजे तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवणं, ज्याच्याकडे दिलं तो फार नीटनेटका. त्याने आठ तारा जोडीजोडीने ओळीत लावल्या. केशरीची जोडी, हिरवीची, निळीची, तपकिरीची. दोन्ही टोकांना हुबेहूब. टेस्टरवर एक ते आठ दिवे छान ओळीने लागले. शेजारच्या टेबलावरचा पीसी जोडला तर तोही चालला. पण भिंतीपलीकडच्या लॅबपर्यंत लांब केबल टाकली की लिंकचा दिवा लागायचा, विझायचा, आणि फाईल कॉपी करायला घेतली की मध्येच लटकायची. एकाने स्विचला (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा) दोष दिला, दुसऱ्याने विंडोजच्या फायरवॉलला. तिसरा म्हणाला, प्लास्टिक कनेक्टर डुप्लिकेट आहेत, चला परत लॅमिंग्टन रोडला.

लॅब असिस्टंट काका आले. कनेक्टर ट्यूबलाइटकडे धरून बघितला आणि काही न बोलता कटरने टोकच उडवलं. मग म्हणाले, "तीन आणि सहा मिळून एक जोडी असते रे बाळांनो." हिरवीची जोडी तीन आणि सहावर जायला हवी, मधल्या चार-पाचवर निळीची. आमच्या मित्राने तीनवर हिरवीतली एक तार दिली होती आणि सहावर निळीतली. म्हणजे ज्या दोन तारांना एकमेकींचा पीळ आहे त्यांची ताटातूट केली. त्या पिळामुळेच शेजारच्या तारांचा गोंगाट कापला जातो. टेस्टर फक्त तार इथून तिथे पोचते का एवढंच सांगतो, कोण कुणाच्या जोडीला आहे हे त्याला कळत नाही.

पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतो.

महापे नाईट शिफ्ट

हे भारी आहे. नोकरीतही टेस्टरचे दिवे बघून केबल 'ओके' म्हणणारे रोज भेटतात.

घणसोलीची आई

मी शिकले नाही यातलं काही, मला नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नाही. पण प्रोजेक्ट आमच्या घरात झाला, म्हणून लिहिते. मुलगा आणि त्याचे तीन मित्र हॉलमध्ये. फाईल एकाच्याच लॅपटॉपवर उघडायची, कारण त्याच्याकडे त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती आणि बाकीच्यांकडे जुनी. नव्यात सेव्ह केलेलं जुन्यात उघडत नाही म्हणे. आणि हा नवीन आवृत्तीवाला राहायला बदलापूरला! रविवारी सबमिशनची तयारी, रविवारीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. तिघं जण माझे कांदेपोहे खात त्याची वाट बघत बसले. मी विचारलं, "अरे, तुम्हीच तुमच्याकडे नवीन टाकून घ्या ना, फुकट आहे ना ते?" तर एकमेकांकडे बघायला लागले. अर्ध्या तासात तिघांकडे आलं. तो बदलापूरचा दुपारी पोचला तेव्हा पोहे संपले होते, त्याला थालीपीठ करून दिलं.

यांच्या फोनवर तो ग्रुप आहे, त्यात 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशा फायली फिरतात. साहेब लोकांनी यावरही काही मार्गदर्शन करावं.

एक मास्तर

काकूंनी मार्मिक लिहिलंय. फाईलच्या नावात तारीख आणि केलेला बदल लिहायची सवय लावा असं आम्ही दरवर्षी सांगतो. कुणी ऐकत नाही.

मी नवी मुंबईत शिकवतो, एक्सटर्नल म्हणूनही जातो. परीक्षकाच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो. चौघं आत येतात. एक जण बोलतो, तिघं माना डोलावतात. बोलणारा पिंग मारून दाखवतो. पहिल्या ओळीला 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट', पुढे तीन रिप्लाय. तो घाईघाईने पुन्हा पिंग मारतो, आता चारही येतात, आणि सुटकेचा श्वास टाकतो. मी नेमका तिथे थांबवतो आणि मान डोलावणाऱ्यांपैकी एकाला विचारतो, पहिलं पॅकेट कुठे गेलं?

उत्तर अवघड नाही. मधल्या राऊटरला पलीकडच्या मशीनचा आयपी पत्ता माहीत असतो, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) नसतो. तो एआरपीने, म्हणजे 'हा आयपी कुणाचा?' असं सगळ्यांना पुकारून, विचारत असतो आणि तेवढ्यात पहिलं पॅकेट टाकून देतो. पुढच्या वेळी पत्ता लक्षात असतो, म्हणून सगळी पोचतात. ज्याने स्वतः हात घातलाय त्याला हे खटकलेलं असतं. ज्याने फक्त फाईल उघडून बघितली तो 'सर, नेट स्लो आहे' म्हणतो. सिम्युलेटरमध्ये नेट स्लो!

दुसरा आवडता प्रश्न केशरी दिव्याचा. स्विचला केबल जोडल्यावर दिवा हिरवा व्हायला अर्धा मिनिट का लागतो? १५ सेकंद ऐकणं, १५ सेकंद शिकणं, मग वाट मोकळी. स्पॅनिंग ट्री हे स्विचमधलं तंत्र आधी खात्री करून घेतं की या तारेमुळे चक्र तयार होत नाहीये. मुलं मात्र केशरी दिवा बघून कॉन्फिग पुसून पुन्हा लिहीत बसतात.

आणि रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहिलेलं असतं, त्यावर मी आता बोलणं सोडून दिलंय.

पीपीटीवाला

मास्तरांचा मान ठेवून सांगतो, मान डोलावणाऱ्यांतला मी होतो. आमच्या ग्रुपमध्ये एकाला राऊटिंग यायचं आणि तो दुसऱ्याला कीबोर्डला हात लावू द्यायचा नाही. मग उरलेल्यांनी करायचं काय? मी रिपोर्ट लिहिला, डायग्रॅम काढल्या, स्लाइड केल्या. ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे रांगेत उभा राहून चार प्रती स्पायरल करून घेतल्या. सर्टिफिकेटवर सह्या मिळवायला सरांच्या केबिनबाहेर ताटकळलो. यातलं काहीच 'काम' नाही?

त्या राऊटिंगवाल्याला ओएसपीएफच्या (राऊटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) कमांडमधला ०.०.०.६३ हा उलटा मास्क का लिहायचा ते लिहून दे म्हटलं तर दोन ओळी जमेनात. पाठ केलेला होता. मला समजून घेऊन लिहावं लागलं, कारण रिपोर्ट माझ्याकडे होता. २५५ मधून सबनेट मास्कचा (गटाचा आकार सांगणारा पत्त्यासारखा आकडा) शेवटचा भाग वजा करायचा, /२६ ला तो १९२, ते गेले, उरले ६३. ओरलला हाच प्रश्न आला आणि उत्तर मी दिलं. आज एका कंपनीत नेटवर्कची कागदपत्रंच बनवतो आणि घर त्यावरच चालतं.

एक मास्तर

मान्य. असा विद्यार्थी समोर आला तर मी मार्क कापत नाही.

कोपरखैरणे डिप्लोमावाला

कीबोर्ड न सोडणारा प्रत्येक ग्रुपला एक मिळतोच. आमचा आता जर्मनीत आहे.

नेरुळ पूर्व

आम्ही एका छोट्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचं खरंखुरं नेटवर्क करून दिलं. केबल आणि स्विचचे पैसे वाचनालयाने दिले, मजुरी आमची. सिम्युलेटरमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसल्या. भिंतीत पाइप कुठून जातो, विजेच्या वायरपासून आपली केबल लांब कशी ठेवायची, १०० मीटरची मर्यादा मोजायची म्हणजे सरळ अंतर मोजून चालत नाही, जिन्यातली वळणंही धरावी लागतात. वायफायचं चॅनेल ३ वर होतं आणि आजूबाजूची बिल्डिंगभर १ आणि ६, त्यामुळे दोन्हींचा त्रास. ११ वर नेलं, फरक पडला. हे सगळं सोपं होतं.

खरा घोळ उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी झाला. अचानक सगळं बंद. एकाही मशीनवरून काही उघडेना. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात फडफडत होते, असे दिवे मी पूर्वी कधी बघितले नव्हते. तासभर आम्ही राऊटर बंद-चालू करत बसलो. मग ग्रुपमधली एक जण म्हणाली, राऊटर सोडा, केबल मोजा. एकेक केबल काढत गेलो. आठव्या की नवव्या केबलला दिवे शांत झाले. तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! झाडलोट करताना एक मोकळं टोक लोंबकळताना दिसलं, ते कुणीतरी व्यवस्थितपणाच्या हौसेने रिकाम्या खोबणीत बसवून दिलं होतं.

स्वस्तातला स्विच, त्याला स्पॅनिंग ट्री वगैरे काही कळत नाही. इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणारा माहितीचा तुकडा) आयुष्याची मर्यादा नसते, आयपीच्या पॅकेटला असते. म्हणून एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीचा संदेश) शिरला की तो गोल गोल फिरत, वाढत जातो आणि सगळी वाट अडवतो. अमेरिकन संगणकतज्ज्ञ राडिया पर्लमनबाईंनी १९८५ साली यावर तोडगा, तोच स्पॅनिंग ट्री, काढून ठेवलाय, तो पुस्तकात पाच मार्कांना असतो. त्या दिवसापर्यंत आम्ही तो पाच मार्कांपुरताच वाचला होता. रिकाम्या खोबण्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं मराठीत लिहून आलो, तो उपाय मात्र कुठल्या पुस्तकात नाही. अजून टिकून आहे.

दिघा, सेकंड इयर

सगळं वाचलं, थँक्यू. एक शंका. वरच्या कागदात दोन राऊटरमध्ये /३० दिलंय. आमच्याकडे तीन राऊटर एकाच स्विचवर आहेत, तिसऱ्याला पत्ता कुठून आणू?

महापे नाईट शिफ्ट

मग /२९ घे, सहा पत्ते मिळतात. पण सुरुवात ८ ने भाग जाणाऱ्या आकड्यावर कर. ११२ चालेल, ११६ नाही.