मदत हवी आहे : सेंद्रिय अतिवाहकात इलेक्ट्रॉनची जोडी सिंगलेट की ट्रिपलेट?

नमस्कार मंडळी, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स करतोय. सेमिनारला बेकगार्ड क्षार घेतलेत, म्हणजे टीएमटीएसएफ या सेंद्रिय रेणूपासून बनलेले, अतिवाहक (सुपरकंडक्टर) होऊ शकणारे क्षार. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीनं फिरतात; दोघांचे स्पिन उलट दिशेला असले की सिंगलेट, एकाच दिशेला असले की ट्रिपलेट. १९८०मध्ये टीएमटीएसएफ रेणूंचा पीएफ-६ (हेक्झाफ्लोरोफॉस्फेट) क्षार सुमारे १२ किलोबार दाबाखाली, ०.९ केल्विनला अतिवाहक झाला, सेंद्रिय पदार्थात पहिल्यांदाच. रेणू एकावर एक रचलेले, वीज मुख्यतः त्या रांगेतूनच वाहते. दाब कमी केला की तोच क्षार चुंबकीय स्पिन-घनता लहरीत (इलेक्ट्रॉनचे स्पिन लाटेसारखे रचले जातात त्या अवस्थेत) जाऊन इन्सुलेटर होतो. इथवर ठीक.

घोडं पुढं अडलंय. साध्या सिंगलेट जोडीला पाउली मर्यादा लागू होते, म्हणजे ठरावीक चुंबकीय क्षेत्रापुढं जोडी मोडते; १.२ केल्विनला अतिवाहक होणाऱ्या पदार्थाला ही मर्यादा सव्वादोन टेस्लाच्या आसपास. पण १९९७च्या मोजमापात पीएफ-६ क्षार ६ टेस्लातही अतिवाहक राहिला. २००२मध्ये त्याच क्षारातल्या सेलेनियमच्या एनएमआरमध्ये (अणुकेंद्राच्या चुंबकीय अनुनादाच्या मोजमापात) नाइट शिफ्ट (Knight shift, इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळं सिग्नल सरकतो तो; सिंगलेट जोडीत तो घसरायला हवा) हललीच नाही, म्हणून ट्रिपलेट म्हणायचं. मग २००७ला याच कुटुंबातल्या परक्लोरेट क्षारात कमी क्षेत्रात शिफ्ट घसरली, म्हणजे सिंगलेट! आता कुणाचं खरं धरायचं?

जास्त क्षेत्रात जोडीलाच संवेग मिळतो, ती एफएफएलओ अवस्था, असं एक स्पष्टीकरण दिसतं. मला पटतंय, पण पीएफ-६चा निकाल त्यात कसा बसवायचा? तो प्रयोग जास्त क्षेत्रात झाला एवढंच उत्तर पुरेल काय? आमचे सर नेमकं तिथंच बोट ठेवणार.

एनएमआरवर काम केलेलं कुणी असेल तर सांगा राव. कोल्हापुरातले असाल तर कॅम्पसवर येऊन भेटतो, मिसळ माझ्याकडून.